ग्रंथपालांच्या परिषदेत मराठीचा अध्यापक

मराठीच्या अध्यापकाने ग्रंथपालांच्या परिषदेला कशासाठी जावे, असा प्रश्न निघताना विभागातील सहकाऱ्यांनी विचारला. समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीचा सदस्य आहे आणि आमच्या ग्रंथपालबाईंनी आग्रह धरला, एवढेच निमित्त. अशा परिषदेस मी प्रथमच गेलो. तेथे कपाटे, अनुदान आणि संगणक यांचीच चर्चा असणार, हा माझा समज पहिल्याच सत्रात खोटा ठरला.

सत्र वर्गीकरणाचे होते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (1978) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) ही पुस्तके कोठे लावावीत, यावर ग्रंथपालांत मतभेद होते. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक 891.46, परंतु हीच पुस्तके कोणी चरित्रांत लावतो, कोणी समाजशास्त्रात. रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात तर भाषा, वाङ्मयप्रकार, लेखक आणि कृती अशा पायऱ्यांनी क्रमांक सिद्ध होतो. म्हणजे प्रकार निश्चित झाल्याखेरीज साहित्यकृतीला जागाच मिळत नाही. दलित आत्मकथनाकडे साहित्य म्हणून पाहावे की सामाजिक दस्तऐवज म्हणून, यावर आपण चर्चासत्रे घेतो आणि निर्णय खुशाल पुढे ढकलतो. ग्रंथपालाला ती सवलत नाही. त्याला पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी डकवावीच लागते आणि विद्यार्थी कोणत्या कपाटापुढे उभा राहील हे त्या चिठ्ठीने ठरते. हा वाङ्मयीन निर्णय आपण त्याच्यावर सोपवून मोकळे झालो आहोत.

दुपारी पुस्तके बाद करण्याचा विषय निघाला. एका ज्येष्ठ ग्रंथपालांनी विचारले, ‘बाद यादीवर समितीतील प्राध्यापक सही करतात, पण यादी वाचतात किती जण?’ सभागृहात हशा पिकला. मला मात्र हसता आले नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका यादीवर मी न वाचता सही केली होती. ‘जीर्ण’, ‘अपूर्ण’, ‘मागणी नाही’ अशा शेऱ्यांनिशी जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड तीत होते. पुढे माझ्याच एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी त्यांतील एका मासिकाचे अंक हवे होते, तेव्हा ते रद्दीत जाऊन वर्ष लोटले होते. ग्रंथपालांना जागा हवी होती आणि त्यांनी रीतसर आम्हांला विचारले होते. दोष आमच्या सहीचा होता.

प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, असे रंगनाथन यांच्या 1931 मधील पाच सिद्धान्तांपैकी तिसरा सांगतो. साहित्याच्या ग्रंथांपुरता हा वाचक घडविण्याचे काम मुख्यतः आपले आहे. ‘मागणी नाही’ हा शेरा म्हणूनच आपल्या अध्यापनावरही असतो.

याच संदर्भात सूचीकार्याविषयीची आपली उदासीनता मला खटकते. शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचा 1800 ते 1937 या कालखंडाचा भाग 1943 मध्ये आणि 1938 ते 1950 चा भाग 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकावर काम करणारा अभ्यासक आजही प्रथम तेथेच जातो. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने एका नियतकालिकाची सटीप सूची पीएच.डी.साठी योजली, तर ‘यात संशोधन कोठे आहे?’ असे विचारणारे बहुधा आपणच असतो. सूची हे यांत्रिक काम आहे, हा आक्षेप केवळ शीर्षके उतरवून काढणाऱ्या सूचीला लागू पडेल. टोपणनावामागील लेखक ओळखणे, तारीख नसलेल्या अंकाचा काळ ठरविणे, एकाच लेखाची भिन्न रूपे ताडून पाहणे, यांना संशोधन म्हणावयाचे नाही तर कशाला?

माझ्या सूचना साध्या आहेत. साहित्याच्या ग्रंथांची बाद यादी सहीपूर्वी मराठी विभागापुढे यावी. नियतकालिकाचा कोणताही खंड अन्यत्र उपलब्ध आहे याची खात्री होईपर्यंत काढू नये. सटीप सूचीला पदवीसाठी मान्यता असावी. आणि अशा परिषदांना आपल्यापैकी कोणी ना कोणी दरवर्षी जावे. पुढील वेळी मी एखाद्या संशोधक विद्यार्थ्यालाही बरोबर नेणार आहे.