बस कोणाची, हा प्रश्न नंतरचा

मुरबाडकडचे कार्यकर्ते नौपाड्यातल्या बैठकीला येतात ते एसटीने कल्याण गाठून, पुढे लोकलने. परतीची गाडी चुकू नये म्हणून ठराव वाचून होण्याआधीच त्यांची चुळबूळ सुरू होते. बस सरकारी हवी की खाजगी, असे त्यांना विचारले तर उत्तर एकच: यायला हवी.

ठाणे महापालिकेने १९८९ साली स्वतःची परिवहन सेवा काढली. आज तिच्या पुष्कळ गाड्या ठेकेदाराच्या आहेत. पाटी पालिकेची, चालक ठेकेदाराचा, बिल किलोमीटरवर. याला खाजगीकरण म्हणायला आमची जीभ धजत नाही. या धंद्यातले गिऱ्हाईक पालिका आहे, रांगेतला माणूस नव्हे.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर धावली. पुढे ती खेडोपाडी पोचली, मुली तिच्या पासावर शिकल्या. हे आम्ही नाकारत नाही. पण तिच्याबरोबर टप्पा वाहतुकीची मक्तेदारीही आली. गावच्या पोराने कर्ज काढून जीप घेतली आणि वाटेत चार माणसे भरली की तो गुन्हेगार! २०२१ च्या नोव्हेंबरात एसटी संपात बंद पडली, तेव्हा सरकारनेच अधिसूचना काढून खाजगी बस, शाळेच्या बस, इतकेच काय मालवाहू गाड्यांनाही माणसे नेण्याची मुभा दिली. कालचा गुन्हा एका कागदाने सेवा झाला. एप्रिल २०२२ मध्ये संप मिटला, पुन्हा गुन्हा. (संपकऱ्यांशी आमचे भांडण नाही; पगार थकला की कोणीही बसणारच.)

परवाने खुले केले तर खाजगीवाले मलईचे रस्ते धरतील, माळशेजच्या पायथ्याच्या वाडीत कोण जाईल, असे विचारतात. आक्षेप खरा आहे. ठाणे-नाशिकला गाड्यांची रीघ लागेल, वाडीत एकही नाही. पण मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि त्या सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देते. तशीच वाडीच्या फेरीची तूट उघड जाहीर करा. कमीत कमी तुटीत जो फेरी मारील त्याला ती द्या, मग तो एसटी असो की जीपवाला. तिकिटाचे पैसे मात्र त्याचेच राहू द्या, म्हणजे वाटेत हात दाखवणाऱ्याला तो टाळणार नाही. फेरी चुकली तर तूट कापा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने बंद पडलेल्या फेऱ्यांची यादी आणावी: गाव, वेळ, कधीपासून बंद.