सतरा रुपये सत्तर पैसे

बँकेने खात्यातून पैसे कापले की कोण किती ओरडतो ते बघावं. ज्याचे जास्त कापले तो जास्त ओरडतो असं अजिबात नाही. ज्याला कापलेलं वाचता येतं तो ओरडतो. ज्याला वाचता येत नाही तो गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला बँक संमती समजते. बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं, आज बसलो.

आधी शहरातली गोष्ट सांगतो. आमचे पुण्यातले भाचे सुट्टीत केंदूरला आले की त्यांच्या गप्पांत क्रेडिट कार्ड हा विषय हमखास असतो. कोणत्या कार्डावर किती पॉइंट, विमानतळावर फुकट जेवण कोणत्या कार्डावर, वगैरे वगैरे. मागे एकदा धाकटा भाचा फारच चिडलेला होता. "मामा, अहो वर्षभर पॉइंट साठवले आणि आता बँक म्हणते नियम बदलले!" मी विचारलं, "पॉइंट म्हणजे पैसे का रे?" म्हणाला, "पैसे नाहीत, पण पैशांसारखेच." माझ्या मते सगळी मेख त्या 'सारखेच' मध्ये आहे. पैशांची किंमत रिझर्व्ह बँकेच्या सहीने ठरते, पॉइंटची किंमत ज्याने दिले तोच ठरवतो आणि तोच बदलतो.

असं पुष्कळदा झालेलं आहे. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख रुपये खर्च केले की २५,००० पॉइंट जादा मिळत. सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झाले, आणि वर्षाची फी १०,००० वरून १२,५०० रुपयांवर गेली. त्यावर केवढा गदारोळ झाला! लोकांनी तक्ते मांडून हिशेब केले, कार्डं परत केली. भाच्यांचं मला कौतुकच वाटतं. आपल्या पैशाचा हिशेब मागणं चांगलंच. फक्त ते पॉइंट आकाशातून पडत नाहीत, एवढं त्यांना मी सांगतो. कार्ड घासलं की दुकानदाराच्या रकमेतून साधारण दीड-दोन टक्के कापले जातात. बिल वेळेवर न भरणाऱ्याला जबर व्याज बसतं. त्यातून पॉइंट निघतात. म्हणजे एकाची चैन दुसऱ्याच्या थकबाकीवर चालते.

दुसरी गोष्ट ऑगस्ट २०२५ ची. आयसीआयसीआय बँकेने नव्या बचत खात्यांसाठी शहरांत महिन्याची सरासरी किमान शिल्लक १०,००० वरून एकदम ५०,००० रुपये केली. ग्रामीण भागासाठी १०,००० ठरवली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा म्हणाले की किमान शिल्लक किती असावी हे ज्या त्या बँकेने ठरवायचं. नियमाने बरोबर आहे. पण वर्तमानपत्रांतून, मोबाइलवरून असा काही आरडाओरडा झाला की १३ ऑगस्टला बँकेने माघार घेतली. शहरांत १५,०००, निमशहरी भागात ७,५००, आणि ग्रामीण भागात २,५००. महिन्याच्या पहिल्या तारखेचा नियम तेराव्या तारखेला बदलला!

आता गावाकडची गोष्ट ऐका.

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, म्हणजे ३,००० रुपये, बायकांच्या खात्यांत जमा होऊ लागले. त्या आठवड्यात इकडे बँकांपुढे रांगा लागल्या होत्या, कोणी पाबळला जातंय, कोणी शिक्रापूरला. आणि राज्यभरातून तक्रारी यायला लागल्या, की जमा झालेल्या पैशांतून बँकेने परस्पर काही रक्कम कापली. बऱ्याच बायकांची खाती कधीतरी उघडलेली आणि नंतर तशीच पडून राहिलेली. किमान शिल्लक नव्हती म्हणून दंड साचत गेलेला. खात्यात काही नव्हतं तोवर वसूल कशातून करणार? पैसे आले आणि संगणकाने आपलं येणं उचललं. शेवटी महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना जाहीर करावं लागलं, की योजनेचे पैसे कापून घेऊ नयेत अशा सूचना बँकांना दिल्या आहेत.

आमच्या खालच्या आळीतली एक बाई तेव्हा पासबुक घेऊन माझ्याकडे आली होती. तीन हजार जमा, त्याच दिवशी पाचशे नव्वद वजा. तिचा प्रश्न असा, "गुरुजी, हे सरकारने कापले का बँकेने?" मी पासबुक हातात घेतलं. वजा रकमेपुढे इंग्रजीतली चार-पाच अक्षरं, त्यांना ना स्वर ना अर्थ. मी इंग्रजी शिकवलेलं नाही, पण वाचता येतं. तरीसुद्धा ती अक्षरं मला लागेनात. मग गणितानेच उत्तर काढलं. पाचशे रुपये दंड, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे नव्वद. एकूण पाचशे नव्वद. ती म्हणाली, "दंड? मी काय केलं?" काही केलं नाही, हाच तर गुन्हा! खात्यात पैसे नव्हते म्हणून दंड. पैसे नसल्याबद्दल पैसे घ्यायचे, हा व्यवहार मला अजूनही पाचवीच्या मुलाला समजावून सांगता येणार नाही.

तिने आरडाओरडा केला का? नाही. "जाऊ द्या गुरुजी, बाकीचे तरी आले," म्हणाली आणि गेली. भाच्याचे पॉइंट गेले तर त्याने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. हिचे खरेखुरे पैसे गेले, आणि हिने बँकेचे उपकार मानले.

आणि आता सतरा रुपये सत्तर पैशांची कथा. जनधन खातं हे शून्य शिल्लकीचं मूलभूत खातं. त्यातून महिन्याला चार वेळा फुकट पैसे काढता येतात. स्टेट बँक अशा खात्यांवर चारपेक्षा जास्त वेळा पैसे गेले, तर प्रत्येक वेळी १७ रुपये ७० पैसे लावत होती. हा आकडा कुठून आला? पंधरा रुपये अधिक अठरा टक्के म्हणजे दोन रुपये सत्तर पैसे. गंमत अशी, की मोबाइलवरून, म्हणजे यूपीआयने दिलेले पैसेही त्यात मोजले जात. कोणी किराणा दुकानात शंभर रुपये मोबाइलवरून दिले आणि तो पाचवा व्यवहार असला, की शंभराला सतरा रुपये सत्तर पैसे. आमच्या गावातल्या सावकारांच्या गोष्टी मी लहानपणी ऐकलेल्या आहेत, पण आपलेच पैसे खर्च केल्याबद्दल शेकडा सतरा घेणारा त्यांतही कोणी नव्हता.

हे कोणी बाहेर काढलं? ज्यांचे कापले त्यांनी नव्हे. पवईच्या आयआयटीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी हिशेब मांडला. २०१५ ते २०२० या काळात स्टेट बँकेने सुमारे १२ कोटी मूलभूत खात्यांवर अशा प्रकारे ३०० कोटींहून जास्त रुपये गोळा केले, असं त्यांच्या २०२१ च्या अहवालात आलं. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने सगळ्याच बँकांना बजावलं होतं, की १ जानेवारी २०२० पासून डिजिटल व्यवहारांवर घेतलेलं असं शुल्क परत करा. काही रक्कम परत झालीही. त्याआधीच्या वर्षांची मात्र मोठी रक्कम तशीच राहिली.

तेरा दिवस आणि पाच वर्षं. एवढा फरक पडतो, मंडळी. पन्नास हजारांच्या शिल्लकीवर ओरडणारे तेरा दिवसांत ऐकले गेले. सतरा रुपये सत्तर पैसेवाल्यांसाठी एका प्राध्यापकाला वर्षानुवर्षं आकडेमोड करावी लागली.

आता बँकेची बाजूही मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल. खातं चालवायला खर्च येतो हे मला मान्य आहे. शाखेचं भाडं, कर्मचाऱ्यांचे पगार, एटीएममध्ये नोटा भरणारी गाडी, संगणक. सगळं फुकट हवं आणि शाखाही गावातच हवी, असं दोन्ही बाजूंनी बोलता येणार नाही. सेवेचे पैसे घ्यायला माझी ना नाही. एटीएममधून ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त वेळा पैसे काढले तर १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत घेण्याची मुभा बँकांना मिळाली. ते मला पटतं. काहीतरी काम झालं, त्याचे पैसे घेतले. पण किमान शिल्लक नाही म्हणून दंड, यात बँकेने काय काम केलं? तिथे फक्त गरिबीची नोंद झाली. आणि जो जास्त पैसे ठेवतो त्याला सगळं फुकट! म्हणजे फी कोणी भरायची, तर ज्याला परवडत नाही त्याने.

ही रक्कम लहान नाही. स्टेट बँकेने १ एप्रिल २०१७ पासून किमान शिल्लकीचा दंड पुन्हा सुरू केला. पहिल्या आठ महिन्यांत सुमारे १,७७२ कोटी रुपये जमले, आणि त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीचा बँकेचा नफा होता सुमारे १,५८२ कोटी. त्यावर संसदेत, वर्तमानपत्रांत टीका झाली, एप्रिल २०१८ पासून दंड बराच कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये अटच गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या मराठवाड्याचे डॉ. भागवत कराड अर्थ राज्यमंत्री होते. त्यांनी राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी २०१८ पासून किमान शिल्लकीपोटी २१,००० कोटींहून जास्त, जादा एटीएम व्यवहारांपोटी ८,००० कोटींहून जास्त आणि एसएमएसपोटी ६,००० कोटींहून जास्त रुपये घेतले. एसएमएस! म्हणजे पैसे कापले हे कळवण्याचेही पैसे.

मार्च २०२० मध्ये किमान शिल्लक रद्द झाली तेव्हा आमचे पेन्शनर मित्र पेढे वाटायचे बाकी होते. त्याच दिवशी बँकेने बचत खात्याचं व्याजही सरसकट ३ टक्के केलं, हे फारच थोड्यांच्या लक्षात आलं. पुढे जून २०२५ मध्ये ते अडीच टक्क्यांवर आलं. २०२५ च्या उन्हाळ्यापासून कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक अशा सरकारी बँकांनी दंड रद्द केला. फार चांगलं केलं. पण बँकेचं कापणं नेहमी वजाबाकीतच दिसतं असं नाही. कधी ते न झालेल्या बेरजेत असतं, आणि ती पासबुकात छापत नाहीत. दंड गेला म्हणून टाळ्या वाजवताना व्याजाकडेही बघावं.

मग करायचं काय? माझं मत साधं आहे. शुल्क घ्या, पण आधी सांगा, आणि ज्याला सांगताय त्याच्या भाषेत सांगा. किमान शिल्लक कमी झाली तर आधी कळवावं, दंड तुटीच्या प्रमाणात असावा, आणि निव्वळ दंडामुळे खातं उणे होऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच सांगितलेलं आहे. १ एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खात्यावर हा दंड लावता येत नाही. मूलभूत खात्याच्या चार मोफत वेळांत यूपीआयसारखे डिजिटल व्यवहार मोजू नयेत, हे डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट झालं, आणि ते लागू व्हायला तारीख दिली १ एप्रिल २०२६. नियम चांगले आहेत. पण ते रिझर्व्ह बँकेच्या कागदावर असतात आणि बाई खिडकीपुढे असते. मधलं अंतर कोणी चालायचं?

माझ्या मते आपण चालायचं. ज्या घरात एकाला तरी वाचता येतं त्या घराने शेजारच्या दोघांची पासबुकं महिन्यातून एकदा बघावीत. कापलेल्या प्रत्येक रकमेपुढे पेन्सिलीने मराठीत कारण लिहावं. वापरात नसलेलं खातं बंद करावं. थोड्या पैशांत भागवणाऱ्यांनी साधं बचत खातं मूलभूत खात्यात बदलून मागावं (त्याच बँकेत मग दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, एवढं लक्षात असू द्या). कापलेलं पटलं नाही तर तोंडी भांडू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, तीस दिवस थांबावं, आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. तिथे तक्रारीला फी नाही. खालच्या आळीतल्या बाईसाठी आम्ही असाच अर्ज केला. मराठीत, एका पानाचा. खिडकीवरचा मुलगा आधी घ्यायलाच तयार नव्हता. पोच मागितल्यावर मात्र त्याने साहेबांना बोलावलं. सहा दिवसांनी पाचशे नव्वद परत आले.

पैसे परत आले यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा आनंद झाला. पुढच्या महिन्यात ती बाई आली ती आणखी तिघींना घेऊन. प्रत्येकीच्या हातात पासबुक. आता त्या मला "कापले का?" असं विचारत नाहीत. "किती कापले आणि कशाचे?" असं विचारतात. शाळेत इतकी वर्षं मुलांना हेच सांगत होतो, की प्रश्न नीट विचारला की निम्मं उत्तर आलं.

भाचेमंडळींना एक विनंती. तुम्ही पॉइंटचे तक्ते इतके सुंदर करता. दिवाळीला याल तेव्हा एक दिवस कान्होराज महाराजांच्या देवळापाशी बसा आणि चार म्हाताऱ्यांची पासबुकं वाचून द्या. चहा माझ्याकडे. पॉइंट मात्र मिळणार नाहीत!

असो. तुमच्याकडे काय अनुभव आहे, जरूर कळवा.