प्रोजेक्ट चालतो, पण कुणाच्या मशिनवर?

आपल्याकडे प्रोजेक्ट स्वतःच्या लॅपटॉपवर चालला, एक्स्टर्नलनी मान डोलावली, की संपलं! तोच शेजारच्या रूममधल्या लिनक्सवर टाकून बघा. लगेच 'लायब्ररी सापडली नाही'.

खरं तर कोड लिहिणं हे अर्धंच काम. विंडोजला इन्स्टॉलर हवा, उबुंटूला डेब, फेडोराला आरपीएम. मॅकवर तर २०१९ च्या कॅटलिनापासून ॲपलने न तपासलेलं ॲप उघडतानाच अडवलं जातं, आणि त्या तपासणीसाठी मेंबरशिप वर्षाला ९९ डॉलर! इलेक्ट्रॉन वापरलं तर तिन्हीकडे जमतं, पण सोबत अख्खं क्रोमियम जातं. साधा कॅल्क्युलेटरसुद्धा जड होऊन बसतो.

हे विद्यार्थ्यांना झेपणारं नाही, असं म्हणू नका. हॉस्टेलवर आपण ज्यात पिक्चर बघतो तो व्हीएलसी १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या इकोल सेंट्राल कॉलेजातल्या मुलांच्याच प्रोजेक्टमधून सुरू झाला. आज तो तिन्ही सिस्टिमवर इन्स्टॉल होतो, म्हणून तर आपल्यापर्यंत पोहोचला.

तेव्हा सर-मॅडमना विनंती : दहा मार्क फक्त 'दुसऱ्याच्या कोऱ्या मशिनवर इन्स्टॉल होतो का?' यासाठी ठेवा. नाहीतर रात्र रात्र जागून लिहिलेला कोड लायब्ररीतल्या बाइंडिंग केलेल्या रिपोर्टसोबत धूळच खात पडणार.