पाढे पाठ, उदाहरण अडलेले

पुण्यातील बालभारती, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेले राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ, २०१९ च्या जून महिन्यात इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकामुळे चर्चेत आले. ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असेही वाचन सुचवल्यामुळे उठलेला तो वाद थेट विधानसभेपर्यंत पोहोचला आणि गणितज्ञ मंगला नारळीकर यांना त्यामागची भूमिका जाहीरपणे मांडावी लागली. गणिताची भाषा मुलाला अडवू शकते, हे त्यानिमित्ताने घरोघरी बोलले गेले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु चर्चा संख्यांच्या नावांपाशीच थांबली आणि त्याहून अवघड असलेली शाब्दिक उदाहरणे, म्हणजे वाक्यांत गुंफून विचारलेली गणिते, बाजूलाच राहिली.

गुणाकाराच्या उदाहरणात अडलेल्या मुलाला पाढे येत नसावेत, असे गृहीत धरून त्याच्याकडून पुन्हा पाढेच घोकून घेतले जातात. पाढे पाठ हवेतच. अडचण मात्र बहुधा निराळी असते. बेरजेत पेढ्यांत पेढेच मिळवायचे असतात, तर ‘एका डब्यात ६ करंज्या, असे ४ डबे’ या उदाहरणात ६ ही प्रत्येक डब्यातील करंज्यांची संख्या असते आणि ४ ही डब्यांची. ‘सहा चोक चोवीस’ म्हणताना हा भेद कोठेच उच्चारला जात नाही, आणि तो ध्यानात न आलेले मूल सहज १० असे उत्तर देते.

त्यात भर पडते ती खूणशब्दांची: ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘पट’ दिसले की गुणाकार. ‘मीनाकडे १२ पणत्या आहेत, त्या राजूकडील पणत्यांच्या तिप्पट आहेत, तर राजूकडे किती?’ या प्रश्नाला ३६ असे उत्तर देणारे मूल शिकवलेली युक्ती प्रामाणिकपणे पाळत असते; राजूकडे ४ पणत्या आहेत हे कळण्यासाठी कोणाकडे जास्त आहेत, एवढे चित्र आधी डोळ्यांपुढे यावे लागते. हा दोष मुलाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त भुंगे आणि मोर आणले, तेव्हा गणिताला प्रसंगाची जोड होती; शिष्यवृत्तीच्या सरावसंचांत पानेच्या पाने सोडवताना तो प्रसंग पाहण्यास मुलाला उसंत मिळत नाही.

मुलाला काय उमगले हे पाहायचे तर उलट प्रश्न विचारावा: ६ × ४ साठी एखादे उदाहरण रच. ‘६ लाडू आणि ४ लाडू’ असे लिहिणारे मूल नेमके कोठे अडले आहे, ते त्या एका ओळीत दिसते. दिवाळीच्या सुटीचा अभ्यास म्हणून मुलांनी अशी उदाहरणे रचावीत आणि सुटीनंतर शिक्षकांनी ती वर्गात वाचून त्यांवर मुलांनाच बोलू द्यावे, असे या अंकाचे आग्रहाचे सांगणे आहे.