चांदीचें छत

गेल्या नाताळच्या सुटींत आम्हीं सहकुटुंब दिल्लीचा लाल किल्ला पाहिला. शहाजहान बादशहानें १६३९ ते १६४८ या काळांत बांधविलेल्या या किल्ल्यांत हयात बक्ष नांवाची बाग आहे. तिच्या दोन टोकांस सावन व भादों हे संगमरवरी मंडप, आणि मध्यें हौदांत लाल दगडाचा जफर महाल. मुलें तेथून हलेनात.

पुढें दिवाण-इ-खासमध्यें नादिरशहानें १७३९ सालीं मयूरासन नेल्याची हकीकत आम्हीं मुलांस आवेशानें सांगितली. १८५७ नंतर इंग्रजांनीं महाल पाडून, बागा मोडून बराकी बांधल्या, हेंहि सांगितलें. येथील छत पूर्वीं चांदीचें होतें हें ऐकून धाकटीनें विचारलें, "मग ती चांदी कोणीं नेली?"

आम्ही क्षणभर घुटमळलों. ती १७६० सालीं सदाशिवराव भाऊंनीं फौजेच्या खर्चासाठीं काढविली होती. भाऊसाहेबांविषयींचा आमचा आदर तिळभरहि उणा नाहीं. पैशाची ओढ मोठी होती, हेंहि खरें. तथापि परक्यांची लूट मोठ्यानें सांगावी व आपली गिळून टाकावी, ही रीत मुलांस घेऊन जाणाऱ्या पालकांनीं सोडावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

धाकटीनें उत्तर नीट ऐकून घेतलें आणि ती पुन्हां बागेकडे धांवली.