दुसऱ्याचं ड्रॉइंग पुसू नका, फिकं करा



तंत्रनिकेतनातली आणि आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेडची मुलं ऑटोकॅड शिकतात. रेषा, वर्तुळ, ऑफसेट, ट्रिम, मोजमापं हे सगळं त्यांना छान जमतं. पण एक विषय आपण बऱ्याचदा घाईत उरकतो. तो म्हणजे एक्सरेफ. दुसऱ्याची फाइल आपल्या ड्रॉइंगला संदर्भ म्हणून जोडायची आणि तिच्या आधाराने आपलं काम करायचं. ते जोडलेलं ड्रॉइंग स्क्रीनवर किती ठळक दिसावं, हे तर शिकवायचं राहूनच जातं. "एक सेटिंग आहे ते, मुलं शिकतील आपोआप," असं आपण म्हणतो. मला हे पटत नाही. त्या एका सेटिंगमध्ये दुसऱ्याच्या कामाशी कसं वागायचं याचा पूर्ण धडा आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. दुमजली बंगल्याचा आर्किटेक्टचा प्लॅन आहे आणि विद्यार्थ्याला त्यावर पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपलाइन दाखवायच्या आहेत. प्लॅन जोडला की भिंती, दारं, फर्निचर, मोजमापं सगळं एकदम दिसतं. आपली पाइपची रेघ त्या गर्दीत हरवते. मग मुलं काय करतात? काही जण प्लॅन बाइंड करून, फोडून नको त्या रेषा डिलीट करतात. काही जण कॉलम-बीमचे लेयरच फ्रीझ करून टाकतात. स्क्रीन स्वच्छ होते, शीटही सुबक दिसते, आणि मार्क मिळतात!

नुकसान नंतर कळतं. फोडलेल्या प्लॅनचा मूळ फाइलशी संबंध तुटतो. आर्किटेक्टने बाथरूम दोन फूट सरकवलं तरी या मुलाच्या फाइलमध्ये ते जुन्याच जागी राहतं. एक्सरेफ जोडलेला असता तर रीलोड केल्याबरोबर बदल दिसला असता. आणि बीमचा लेयर फ्रीझ केला की बीम डोळ्यांना दिसत नाही, त्याला स्नॅपही होत नाही. पाइप सरळ बीममधून जातो. कागदावर ती फक्त एक रेघ असते, साइटवर मात्र काँक्रीटला भोक पाडायची वेळ येते.

यावरचा उपाय सोपा आहे. ड्रॉइंग फिकं करायचं. जुने ड्राफ्ट्समन ट्रेसिंग पेपर वापरायचे. खालची रेघ अंधुक दिसायची आणि वरची आपली ठळक. ऑटोकॅडमध्ये एक्सरेफ १९९० च्या रिलीज ११ पासून आहे, आणि तो स्क्रीनवर फिका करायची सोय २०१० च्या आवृत्तीपासून. इन्सर्ट टॅबवरचं रेफरन्स पॅनेल खालच्या बाणाने उघडलं की एक्सरेफ फेडिंगचं बटण आणि सरकपट्टी मिळते. ऑप्शन्सच्या डिस्प्ले टॅबमध्येही तीच सोय आहे. कमांड लाइनवर तिचं नाव एक्सडीडब्ल्यूजीफेडसीटीएल. आकडा ० असेल तर फिकेपणा नाही, ९० म्हणजे सर्वांत फिकं. आकड्याला उणे चिन्ह लावलं तर फिकेपणा बंद होतो, पण आकडा लक्षात राहतो. फिक्या रेषांना स्नॅप होतं, हे मुलांना आवर्जून करून दाखवा. कॉलमचा कोपरा पकडून पाइपचं अंतर मोजता येतं.

शिकवताना काही गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं.

पहिली गोष्ट, हा फिकेपणा फक्त स्क्रीनवर असतो. प्रिंट काढली की प्लॅन पूर्ण ठळक येतो आणि मुलं गोंधळतात. कागदावरही प्लॅन मागे राहायला हवा असेल तर प्लॉट स्टाइलमध्ये त्या रंगांचं स्क्रीनिंग कमी करावं लागतं.

दुसरी, एक्सफेडसीटीएल हे मिळतंजुळतं नाव. ते वेगळ्या कामासाठी आहे. संदर्भ-ड्रॉइंग जागच्या जागी एडिट करताना बाकीच्या वस्तू किती फिक्या दिसाव्यात, हे त्यातून ठरतं.

तिसरी, एखादा लेयर खरोखरच नको असेल, समजा फर्निचरचा, तर तो जरूर फ्रीझ करा. एक्सरेफच्या लेयरच्या नावात आधी फाइलचं नाव, मग उभी रेघ असते, त्यामुळे तो लगेच ओळखता येतो. विझरिटेन १ असेल तर आपण केलेला बदल टिकतो. ० असेल तर फाइल पुन्हा उघडल्यावर लेयर मूळ स्थितीत परत येतात. मात्र पाइपच्या कामात कॉलम, बीम आणि स्लॅबची भोकं यांचे लेयर कधीच बंद करायचे नाहीत, असा वर्गाचा नियम असावा.

काही सहकारी म्हणतात, जुन्या प्रोजेक्टरवर फिक्या रेषा मागच्या बाकांवरून दिसतच नाहीत. म्हणणं खरं आहे. मग वर्गात आकडा ३० च्या आसपास ठेवा, मुलांना आपापल्या संगणकावर वाढवू द्या. वेळ नाही, हीही अडचण खरीच. पण यासाठी दोन प्रॅक्टिकल पुरतात.

माझी सूचना अशी. एकच प्लॅन तीन गटांना द्या. एक गट पाइप दाखवेल, दुसरा वीज, तिसरा बीम-कॉलम. प्रत्येकाने इतरांच्या फाइल एक्सरेफ म्हणून जोडायच्या, फोडायच्या नाहीत. अर्ध्या तासाने शिक्षकांनी मूळ प्लॅनमधली एक भिंत सरकवायची आणि कोणाच्या लक्षात येतं ते बघायचं. मार्क सुबक शीटला द्याच, पण काही मार्क या लक्ष ठेवण्यालाही द्या.

पालकांनो, मुलाच्या स्क्रीनवर अर्धं ड्रॉइंग पुसट दिसलं तर संगणक बिघडला असं समजू नका. "हे पुसट कोणाचं काम आहे, आणि तुझं कुठे त्याला आडवं जातंय?" एवढं विचारा. उत्तर देता आलं, तर मूल नुसतं सॉफ्टवेअर शिकत नाहीये, चार जणांबरोबर काम करायलाही शिकतंय.