मामाचा डावा पाय

गेल्या पावसाळ्यातला शनिवार. भातसानगरहून मामाचा फोन. "अगं, गाडी सुरू होते, पण 'डी'ला टाकली की नुसती गुरगुरते. जागची हलत नाही!"

भातसानगर कुठे? बॉस, मुंबईतल्या नळांना येणारं जवळजवळ निम्मं पाणी भातसा धरणाचं असतं. आसनगाव स्टेशनला उतरायचं, शहापूर गाठायचं आणि मग आत वळायचं.

मामाची जुनी ऑटोमॅटिक फोर बाय फोर म्हणजे वीकेंडला चिखल उडवून फोटो काढायची चैन नाही. रात्री-अपरात्री एखाद्या पाड्यावरून निरोप आला, की तीच गाडी पेशंटला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेते. त्यामुळे मी एकदम हीरोइन बनून म्हणाले, "टेन्शन नको घेऊस, मुंबईत गिअरबॉक्स बघते."

पहिला फंडा फोनवरच कळला. मामा ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत आणणार होता. मेकॅनिक किंचाळलाच. ऑटोमॅटिकमधला तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले पार्ट कोरडे घासणार. गाडी ट्रकवर चढवूनच आणली.

मग कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुन्या पार्टचा समुद्र! स्वस्तातले दोन पर्याय लगेच पुढे आले. एक, त्याच मॉडेलचा टू-व्हील ड्राइव्हचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मुबलक मिळतो, पण त्याच्या मागे ट्रान्सफर केस बसत नाही. पुढच्या चाकांना ताकद देणारी आणि 'फोर लो'मध्ये जोर अडीचेक पट वाढवणारी पेटी ती हीच. ती गेली, की पाड्याचा निसरडा चढ विसरा. दोन, मॅन्युअल गिअरबॉक्स. दणकट, दुरुस्तीला सोपा. मी जवळजवळ हो म्हणणार होते. तेवढ्यात मामाचा डावा गुडघा आठवला. ऑपरेशन झाल्यापासून तो क्लच दाबू शकत नाही. ऑटोमॅटिक घेतली होती ती त्यासाठीच.

म्हणजे दोन्ही पेट्या हव्यातच. तेव्हा एका म्हाताऱ्या उस्तादने विचारलं, "मॅडम, पुराना ऑइल देखा?"

पाहिलं. लालभडक असायला हवं होतं, निघालं स्ट्रॉबेरी मिल्कशेक! रेडिएटरमध्येच गिअरच्या तेलाचा कूलर असतो. तो आतून फुटला होता. पाणी तेलात गेलं आणि आतल्या क्लच प्लेटचं अस्तर सुटलं. हे न बघता नवा गिअरबॉक्स जुन्या रेडिएटरला जोडला असता, तर तोही मिल्कशेक.

शेवटी मामाचाच गिअरबॉक्स उघडून नव्या प्लेट, नवे सील घालायचं ठरलं. टॉर्क कन्व्हर्टर आणि रेडिएटर नवे, तेलाचे पाइप धुऊन साफ. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स स्वस्त होता, पण त्याची कुंडली कोणाकडेच नव्हती. शिवाय इंजिनच्या कॉम्प्युटरशी त्याचं जमेल का, ही धाकधूक वेगळीच. ट्रान्सफर केस मात्र जुनीच घेतली. आधी शाफ्टवरचे दाते मोजले, हाताने फिरवून टू-व्हील, फोर हाय, फोर लो तिन्ही लागतात का पाहिलं आणि समोरच तेल काढायला लावलं. धातूचा चुरा निघाला नाही, तेव्हा पैसे मोजले. त्यात माझी गोव्याची ट्रिप गेली. चालायचंच!

मामाची आधीची ट्रान्सफर केस का गेली? पावसात सेफ वाटतं म्हणून तो कोरड्या डांबरावरसुद्धा फोर बाय फोर लावून फिरायचा. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. त्याच्या गाडीत मधे डिफरन्शियल नाही, त्यामुळे सगळा ताण ट्रान्सफर केसच्या चेनवर. चेन सैल पडली होती. हे सांगितल्यावर मामा चक्क गप्प!

आपण मोबाइल घेतानाही आधी किंमत आणि फीचर्स बघतो. उस्तादने दोनच गोष्टी बघायला शिकवल्या. आधीची वस्तू कशाने गेली आणि नवी कोण वापरणार.

महिन्याभराने रात्री अडीचला मेसेज आला. "फोर लो लावून चढ पार. पेशंट हॉस्पिटलमध्ये पोचला." मी डोळे चोळतेय, तोवर दुसरा, "डांबरावर आल्या आल्या टू-व्हील केलं हं!"